परिचारिका-प्रसाविका, अमेरिकेतील

परिचारिका-प्रसाविका, अमेरिकेतील : रुग्णपरिचर्येचे शिक्षण पूर्ण करून त्यावर प्रसूतिकार्याचे वेगळे शिक्षण घेतलेल्या आणि गरोदरपण, प्रसूती व सूतिकावस्था या तिन्ही अवस्थांत माता व अर्भक यांची जबाबदारी स्वतःकडे घेणाऱ्या व्यावसायिक स्त्रीस परिचारिका-प्रसाविका म्हणतात. वडीलधाऱ्या बाईच्या हाताखाली अनुभवाने शिकलेली सुईण आणि वैद्यकाची पदवी घेतलेला प्रसूतितज्ञ या दोहोंच्या मध्ये तिचे स्थान आहे. भारतात परिचारिकेच्या पाठ्यक्रमातच प्रसूतिकार्याचा अंतर्भाव असल्याने आणि तिची नोंदणीही ‘परिचारिका व प्रसाविका’ अशी एकत्र होत असल्याने या जोडनावात मराठी वाचकास काही विशेष वाटणार नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र हे दोन व्यवसाय परस्परांपासून दूर होते. एकास प्रतिष्ठा होती, तर दुसरा हळूहळू गुन्ह्याच्या पंक्तीला बसविला जात होता. त्यांची सांगड घालण्याची सूचना सेंट लूइस येथील प्रसूतितज्ञ फ्रेड टॉसिग यांनी १९१४ मध्ये केली. ती प्रत्यक्षात आली १९२५ नंतर, आणि तीही जेथे डॉक्टर जावयास तयार नव्हते अशा डोंगराळ मुलखात. हा व्यवसाय गरिबांच्या बाळंतपणासाठी जन्मला. त्याच्या कामाचे मोल आकड्यांनी वारंवार सिद्ध झाले, तरी त्यास मुभा मात्र बहुधा तेवढ्याच गरिबांपुरती मिळाली. ज्या समतेचा त्याने पुरस्कार केला ती त्याच्या स्वतःच्या घरात फार उशिरा पोहोचली, हाही या इतिहासाचाच भाग आहे.

पार्श्वभूमी : १९१० च्या सुमारास अमेरिकेतील जवळजवळ निम्मी बाळंतपणे सुइणींच्या हातून होत. उत्तरेकडील औद्योगिक शहरांत इटली व पूर्व यूरोप येथून आलेल्या कुटुंबांच्या आपापल्या सुइणी होत्या. दक्षिणेत गुलामगिरीच्या काळापासून चालत आलेली कृष्णवर्णीय सुइणींची परंपरा होती. नैर्ऋत्येकडील स्पॅनिश भाषक वस्त्यांतही तशीच व्यवस्था होती. ब्रिटनमध्ये १९०२ च्या कायद्याने सुइणींचे प्रशिक्षण, परीक्षा व नोंदणी यांची तरतूद झाली. अमेरिकेत असा राष्ट्रीय कायदा झाला नाही. न्यूयॉर्कमधील बेलव्ह्यू रुग्णालयाशी संलग्न अशी एक शाळा १९११ मध्ये निघाली. परंतु ती अपवादच ठरली.

प्रसूतितज्ञांचा नवा वर्ग या काळात आपले स्थान पक्के करीत होता. शिकागोचे जोसेफ डीली यांनी प्रसूती ही मुळातच विकृतीकडे झुकणारी क्रिया आहे असे मत मांडले आणि १९२० मध्ये गुंगी, छेद व चिमटा यांचा सर्रास वापर करणारी पद्धती पुरस्कारिली. सुईण अडाणी व अस्वच्छ असून मातांच्या मृत्यूंना तीच कारणीभूत आहे, असा प्रचार वैद्यकीय नियतकालिकांतून होत असे. वस्तुस्थिती निराळी होती. १९३० मध्ये देशात दर दहा हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ६७ माता दगावत होत्या. कृष्णवर्णीय आणि इतर गोरेतर स्त्रियांमध्ये हे प्रमाण गोऱ्या स्त्रियांच्या जवळजवळ दुप्पट होते. न्यूयॉर्क वैद्यक अकादमीने त्या शहरातील १९३०–३२ या तीन वर्षांतील दोन हजारांहून अधिक मातामृत्यूंची एकेक नोंद तपासून १९३३ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील सुमारे दोनतृतीयांश मृत्यू टाळता येण्याजोगे होते आणि त्यांचा मुख्य दोष प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांकडे जात होता, सुइणींचा वाटा अगदी अल्प होता. अनावश्यक शस्त्रक्रिया हे एक प्रमुख कारण अहवालाने नोंदविले. डॉक्टरांच्याच संस्थेने हे सांगितल्याने खळबळ माजली. परंतु सुइणींविषयीचे धोरण त्यामुळे बदलले नाही.

१९२१ चा शेपर्ड-टाउनर कायदा हा माता व अर्भक यांच्या आरोग्यासाठी संघराज्याने निधी देण्याचा पहिला प्रयत्न होय. स्त्रियांना राष्ट्रीय मताधिकार मिळाल्यानंतर पुढच्याच वर्षी तो संमत झाला, हा योगायोग नव्हे. या निधीतून अनेक राज्यांनी ग्रामीण भागात सार्वजनिक आरोग्य परिचारिका नेमल्या आणि सुइणींचे वर्ग सुरू केले. अमेरिकन वैद्यक संघाने त्यास कडाडून विरोध केला आणि १९२९ मध्ये तो कायदा संपुष्टात आला.

फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस : या व्यवसायाची अमेरिकेतील पायाभरणी मेरी ब्रेकिन्रिज (१७ फेब्रुवारी १८८१ – १६ मे १९६५) यांनी केली. केंटकीतील एका मातबर राजकीय घराण्यात त्यांचा जन्म झाला. आजोबा जॉन ब्रेकिन्रिज हे देशाचे उपराष्ट्राध्यक्ष होते. वडील रशियात वकील असल्याने बालपणाचा काही काळ त्या देशात गेला. पहिले पती १९०६ मध्ये निवर्तल्यावर त्यांनी न्यूयॉर्कच्या सेंट ल्यूक रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेतले. दुसऱ्या विवाहापासून झालेली मुलगी १९१६ मध्ये अपुऱ्या दिवसांची जन्मून काही तासांतच गेली. मुलगा चार वर्षांचा होऊन १९१८ मध्ये वारला. विवाहही टिकला नाही. पुढील सर्व आयुष्य मुलांच्या आरोग्यास वाहून घेण्याचा त्यांचा निश्चय या दुःखातून झाला. पहिल्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त फ्रान्समध्ये मदतकार्य करीत असताना ब्रिटिश परिचारिका-प्रसाविकांशी त्यांचा परिचय झाला आणि अमेरिकेत नेमकी हीच दुवा जोडणारी व्यक्ती नाही हे त्यांच्या ध्यानी आले.

१९२३ च्या उन्हाळ्यात पूर्व केंटकीतील लेस्ली, नॉट व आउझ्ली या परगण्यांतून (कौंटी) त्यांनी घोड्यावरून पाहणी केली. रस्ते असे नव्हतेच. नदीनाल्यांची पात्रे हीच वाट. ५३ सुइणींना त्या भेटल्या. त्यांपैकी बहुतेक उतारवयाच्या होत्या, पुष्कळींना अक्षरओळख नव्हती आणि अडलेल्या बाळंतिणीस कोठे न्यावे हा प्रश्न त्यांच्यापुढे नेहमीच उभा असे. लेस्ली परगण्यात परवानाधारक डॉक्टर एकही नव्हता. अमेरिकेत शिकण्याची सोय नसल्याने वयाची चाळिशी उलटल्यावर ब्रेकिन्रिज लंडनला गेल्या, वुलिच येथील माता व अर्भक रुग्णालयात शिकल्या आणि ब्रिटिश मंडळाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. त्यानंतर स्कॉटलंडच्या डोंगराळ व बेटांच्या प्रदेशातील शासकीय आरोग्ययोजना त्यांनी पाहिली. विरळ वस्तीच्या मुलखात सेवा कशी विखरून ठेवावी याचा आराखडा त्यांना तेथे मिळाला.

२८ मे १९२५ रोजी फ्रँकफर्ट या केंटकीच्या राजधानीत स्थापन झालेल्या समितीस १९२८ मध्ये ‘फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस’ हे नाव मिळाले. हायडन गावाजवळ वेंडोव्हर येथे ओंडक्यांचे मोठे घर बांधून तेथे मुख्य ठाणे करण्यात आले. हायडनचे छोटे रुग्णालय १९२८ मध्ये उघडले. त्याभोवती परिचर्या केंद्रांचे जाळे विणण्यात आले. प्रत्येक केंद्राने सुमारे पाच मैलांच्या परिघातील घरे सांभाळावी, म्हणजे घोड्यावरून तासाभरात कोणत्याही दारी पोहोचता यावे, असा हिशेब होता. काही वर्षांतच सुमारे ७०० चौ. मैलांचा प्रदेश या सेवेखाली आला. खोगिराच्या दोन्ही बाजूंस लटकणाऱ्या चामडी पिशव्या हेच फिरते प्रसूतिगृह. एका पिशवीत बाळंतपणाचे साहित्य आणि दुसरीत नेहमीच्या परिचर्येचे, अशी व्यवस्था असे. घोड्यांची निगा राखणे, निरोप पोहोचविणे यांसाठी शहरांतील सधन घराण्यांतल्या तरुण मुली ‘कुरिअर’ म्हणून विनावेतन येत. त्यांच्या घरांतून मग देणग्याही येत. ब्रेकिन्रिज यांची व्यवहारदृष्टी यात दिसून येते.

एका बाळंतपणाची फी पाच डॉलर आणि कुटुंबाच्या वर्षभराच्या सेवेची एक डॉलर होती. रोकड नसलेल्यांनी चारा, लाकूड, खुर्च्या, गोधड्या किंवा अंगमेहनत द्यावी, असा रिवाज पडला. आपल्याकडील बलुत्याची आठवण करून देणाऱ्या या पद्धतीमागे विचार होता. धर्मादाय म्हणून दिलेली सेवा डोंगरी कुटुंबे स्वीकारणार नाहीत, हे ब्रेकिन्रिज ओळखून होत्या. बाळंतपणाखेरीज देवी, घटसर्प व विषमज्वर यांच्या लशी टोचणे, जंतांवर उपचार, विहिरी व संडास यांची पाहणी ही कामेही परिचारिका करीत. लेक्झिंग्टन येथील डॉक्टरांच्या सल्लागार समितीने लिहून दिलेल्या नियमावलीनुसार त्या चालत. कोणत्या स्थितीत काय करावे, कोणते औषध द्यावे आणि डॉक्टरास कधी बोलवावे हे तीत नमूद असे. कागदावर हा डॉक्टरांचा अंमल होता. प्रत्यक्षात मध्यरात्री बर्फात उभ्या असलेल्या झोपडीत निर्णय एकट्या परिचारिकेलाच घ्यावा लागे.

आकडे ठेवण्याविषयी ब्रेकिन्रिज आरंभापासून काटेकोर होत्या. पहिल्या एक हजार बाळंतपणांच्या नोंदी त्यांनी मेट्रोपॉलिटन आयुर्विमा कंपनीकडे सोपविल्या. तेथील संख्याशास्त्रज्ञ लूइस डब्लिन यांनी १९३२ मध्ये निष्कर्ष दिला की, या हजारांत प्रसूतीच्या प्रत्यक्ष कारणाने एकही माता दगावली नव्हती. अशी सेवा देशभर उपलब्ध झाली, तर वर्षाला दहा हजार मातांचे प्राण वाचतील. पुढे १९५४ पर्यंतच्या सुमारे दहा हजार बाळंतपणांत अकरा माता मृत्यू पावल्या. रस्ते, वीज व डॉक्टर यांवाचूनच्या मुलखातले हे प्रमाण देशाच्या त्याच काळातील सरासरीच्या सुमारे एकतृतीयांश भरते. बाळंतपणे बहुतांशी घरीच होत होती आणि माता दरिद्री, अनेकदा कुपोषित व बहुप्रसवा होत्या, हे लक्षात घेता या आकड्यांचे महत्त्व कळून येते. गरिबी हेच मातामृत्यूचे अटळ कारण नव्हे, सेवेचा अभाव हे कारण आहे, हे त्यांनी दाखवून दिले. दुसरे महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश परिचारिका मायदेशी परतल्या, म्हणून नोव्हेंबर १९३९ मध्ये हायडन येथेच प्रसाविकांची शाळा काढण्यात आली. तीच पुढे फ्रंटियर नर्सिंग विद्यापीठ झाली. ब्रेकिन्रिज यांचे वाइड नेबरहूड्स हे आत्मचरित्र १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले.

या कर्तृत्वाला एक काळी किनार आहे. आपली सेवा ज्यांच्यासाठी आहे ते डोंगरी लोक शुद्ध अँग्लो-सॅक्सन रक्ताचे आहेत, असे ब्रेकिन्रिज देणगीदारांना अभिमानाने सांगत. कृष्णवर्णीय परिचारिकांना त्यांनी आपल्या सेवेत घेतले नाही. १९२९ मध्ये केंटकीत स्थापन होऊन पुढे राष्ट्रीय झालेल्या त्यांच्या प्रसाविका संघटनेची दारेही कृष्णवर्णीयांना बंद होती. गोऱ्या गरिबांविषयी इतकी सहृदय असलेली ही स्त्री वर्णभेदाबाबत आपल्या वर्गाचे व प्रदेशाचे पूर्वग्रह ओलांडू शकली नाही. याच कारणाने तिच्या शाळेच्या बाहेर या व्यवसायाचा दुसरा, अधिक खडतर इतिहास घडला.

हार्लेम व दक्षिणेकडील राज्ये : न्यूयॉर्कमधील मॅटर्निटी सेंटर असोसिएशन ही संस्था १९१८ पासून गर्भवतींच्या तपासणीचे काम करीत होती. प्रसूतितज्ञ राल्फ लोबेन्स्टीन यांच्या स्मरणार्थ १९३१ मध्ये चिकित्सालय आणि पुढील वर्षी परिचारिका-प्रसाविकांची देशातील पहिली टिकाऊ शाळा तेथे सुरू झाली. पर्यवेक्षणासाठी केंटकीहून रोझ मॅक्नॉट यांना आणण्यात आले. संचालिका हॅटी हेमशेमायर यांच्या काळात विद्यार्थिनी हार्लेम आणि आसपासच्या चाळींत जाऊन, मुख्यत्वे कृष्णवर्णीय व प्वेर्त रीकोहून आलेल्या कुटुंबांत, बाळंतपणे करीत. या शाळेने कृष्णवर्णीय परिचारिकांनाही प्रवेश दिला. रुग्णालयाचे दर न परवडणारी आणि तेथे अपमान सोसावा लागणारी स्त्री हीच येथली विद्यापीठ होती, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

दक्षिणेत कृष्णवर्णीय स्त्रीला रुग्णालय बहुधा मिळतच नसे. मिळाले तर तळघरातला वेगळा कक्ष. तेथील सुइणीस आदराने ‘ग्रॅनी’ म्हणजे आजी म्हणत. बाळंतपणाबरोबरच स्वयंपाक, धुणे, थोरल्या मुलांची देखभाल आणि नवजाताचे नामकरण यांपर्यंत तिचा हात असे. मोबदला मिळेल तो. आरोग्यखात्याने तिच्यावर परवाना, मासिक वर्ग, पांढरा पोशाख आणि पिशवीची तपासणी यांचे बंधन घातले. नाळ कापण्याची निर्जंतुक रीत, बाळाच्या डोळ्यांत घालावयाचे सिल्व्हर नायट्रेटचे थेंब यांसारख्या उपयुक्त गोष्टी या वर्गांतून पसरल्या. त्याच वर्गांतून तिची वनौषधी आणि तिच्या जुन्या रीती अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढल्या गेल्या आणि तिला सेवेतून हळूहळू कमी करण्याची तयारीही झाली. जॉर्जियातील ऑल्बनी येथील मेरी कोली (१९००–६६) यांनी तीन हजारांहून अधिक बाळंतपणे केली. जॉर्ज स्टोनी यांनी त्यांच्यावर काढलेला ऑल माय बेबीज (१९५३) हा शैक्षणिक माहितीपट सुइणींच्या प्रशिक्षणासाठी देशोदेशी दाखविण्यात आला. त्यांची कला राष्ट्राने चित्रफितीत जपली. ती करण्याचा परवाना मात्र पुढील पिढीस दिला नाही.

या सुइणींना शिकविण्याचे व त्यांच्यावर देखरेख करण्याचे काम ज्या मोजक्या कृष्णवर्णीय परिचारिका-प्रसाविकांनी केले त्यांत मॉड कॅलन (१८९८–१९९०) यांचे नाव अग्रगण्य आहे. फ्लॉरिडात जन्मलेल्या आणि सहाव्या वर्षी पोरक्या झालेल्या कॅलन यांना डॉक्टर असलेल्या काकांनी वाढविले. १९२३ मध्ये त्या चर्चच्या परिचारिका म्हणून दक्षिण कॅरोलायनातील पाइनव्हिल येथे आल्या आणि १९३६ पासून शासकीय आरोग्यसेवेत दाखल झाल्या. सुमारे ४०० चौ. मैलांच्या दलदलीच्या व गरीब मुलखात त्या फिरत. सहाशेहून अधिक मुले त्यांच्या हातून जन्मली. त्याहून कितीतरी अधिक त्यांनी तयार केलेल्या सुइणींच्या हातून. लाइफ साप्ताहिकाच्या ३ डिसेंबर १९५१ च्या अंकात यूजीन स्मिथ यांची त्यांच्या कामाची छायाचित्रमालिका प्रसिद्ध झाली. वाचकांनी आपण होऊन वीस हजार डॉलरांवर रक्कम पाठविली व तीतून १९५३ मध्ये त्यांचे चिकित्सालय उभे राहिले. छायाचित्रणाच्या इतिहासात ही मालिका अजोड मानली जाते. शासनाने जे करावयाचे ते साप्ताहिकाच्या वाचकांनी केले, ही तिची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते.

ॲलाबॅमातील टस्कीगी येथे कृष्णवर्णीय परिचारिकांसाठी प्रसाविकांची शाळा १९४१ मध्ये सुरू झाली. टस्कीगी संस्था, राज्य व परगणा यांची आरोग्यखाती, संघराज्याचे बालक कार्यालय आणि ज्यूलियस रोझनवल्ड निधी यांनी मिळून तिचा भार उचलला. न्यू ऑर्लीन्समध्येही अशीच एक शाळा १९४२ मध्ये निघाली. ती वर्षभरातच मिटली. टस्कीगीची शाळा पाच वर्षे चालली आणि १९४६ मध्ये बंद पडली. तीतून ३१ परिचारिका बाहेर पडल्या. शिक्षिका टिकत नव्हत्या आणि पदवीधरांना वर्णभेदाच्या दक्षिणेत पुरेशी पदे मिळत नव्हती. ज्या मॅकन परगण्यात ही शाळा होती, त्याच परगण्यात १९३२ ते १९७२ पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांवर उपदंशाचा कुप्रसिद्ध प्रयोग उपचार रोखून चालविला जात होता. एकाच आरोग्यव्यवस्थेची ही दोन कृत्ये शेजारी शेजारी घडली. तेथील लोकांचा शासकीय आरोग्यसेवेवरील अविश्वास समजून घेताना हे विसरून चालत नाही.

रुग्णालयात प्रवेश : दुसऱ्या महायुद्धानंतर बाळंतपण झपाट्याने रुग्णालयात गेले. सल्फा औषधे, पेनिसिलीन व रक्तपेढ्या यांमुळे मातामृत्यू वेगाने घटले; पण सर्वांचे सारख्या वेगाने नव्हे. १९५० मध्ये दर लक्ष जिवंत जन्मांमागे गोऱ्या मातांचे मृत्यू सुमारे ६१ होते, तर इतरांचे सुमारे २२२. १९३० मध्ये जे अंतर दुपटीच्या आत होते, ते साडेतीन पटींवर गेले. विज्ञानाची फळे आली, ती प्रथम कोणाच्या ताटात पडली हे या आकड्यांवरून कळते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने रुग्णालयांची दारे कायद्यापुरती उघडली आणि १९६५ च्या ‘मेडिकेड’ योजनेने गरिबांच्या उपचारांस पैसा आला. त्यानंतर जुन्या सुइणींचे परवाने राज्यांनी एकामागून एक बंद केले.

परिचारिका-प्रसाविकांची अवस्थाही या काळात चमत्कारिक होती. शिकून तयार झालेल्यांपैकी फारच थोड्यांना प्रत्यक्ष बाळंतपण करावयास मिळे. उरलेल्या अध्यापन, आरोग्यखात्यातील देखरेख किंवा परदेशी धर्मसंस्थांची कामे यांकडे वळत. नोव्हेंबर १९५५ मध्ये न्यू मेक्सिको राज्यात त्यांच्या राष्ट्रीय महाविद्यालयाची (व्यावसायिक संघटना या अर्थी) नोंदणी झाली आणि हेमशेमायर तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. नव्या संघटनेने वर्णाची अट ठेवली नाही. केंटकीची जुनी संघटना १९६९ मध्ये, ब्रेकिन्रिज यांच्या मृत्यूनंतर, तीत विलीन झाली. १९५८ मध्ये लोबेन्स्टीन शाळा ब्रुकलिनच्या किंग्ज काउंटी या सार्वजनिक रुग्णालयात हलली. खाटा अपुऱ्या आणि डॉक्टर त्याहून अपुरे अशा तेथल्या स्थितीमुळेच हा प्रवेश शक्य झाला.

या संपूर्ण इतिहासात सर्वांत बोलका प्रसंग कॅलिफोर्नियातील मडेरा परगण्यातील होय. शेतमजुरांची वस्ती असलेल्या या परगण्याच्या रुग्णालयात डॉक्टर मिळेनात, म्हणून १९६० मध्ये राज्याच्या विशेष अनुमतीने दोन परिचारिका-प्रसाविका नेमण्यात आल्या. त्यापूर्वी तेथे दर हजार जिवंत जन्मांमागे २३·९ अर्भके पहिल्या महिन्याच्या आत दगावत. त्यांच्या काळात हे प्रमाण १०·३ वर आले, अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे कमी झाली आणि गर्भवती तपासणीस नियमित येऊ लागल्या. प्रयोगाची मुदत १९६३ मध्ये संपली. तो पुढे चालू ठेवण्यासाठी कायद्यात बदल हवा होता. राज्याच्या वैद्यक संघाने त्यास विरोध केला. परिचारिका गेल्या, बाळंतपणे पुन्हा डॉक्टरांकडे आली आणि अर्भकमृत्यूचे प्रमाण ३२·१ झाले. हे आकडे १९७१ मध्ये प्रसूतितज्ञांच्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सेवा दिल्याने काय होते हे पुष्कळ ठिकाणी मोजले गेले होते. ती काढून घेतल्याने काय होते हे मोजण्याची वेळ मडेरात आली. कॅलिफोर्नियाने परिचारिका-प्रसाविकांना कायदेशीर मान्यता दिली ती १९७४ मध्ये.

प्रसूतितज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने १९७१ मध्ये संयुक्त निवेदनाद्वारे या व्यवसायास मान्यता दिली. त्याच सुमारास स्त्रीमुक्ती चळवळीतून आलेल्या सुशिक्षित मध्यमवर्गीय स्त्रिया औषधांच्या गुंगीतील बाळंतपण नाकारू लागल्या आणि प्रसाविकेची मागणी करू लागल्या. येथे संघर्षाचे स्वरूप पालटले. गरिबांपुरती चालणारी प्रसाविका पैसे देणाऱ्या वर्गाकडे वळताच ती डॉक्टरांची प्रतिस्पर्धी ठरली. रूथ वॉटसन लूबिक (जन्म १९२७) यांनी १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात रुग्णालयाबाहेरील प्रसूतिकेंद्र उघडले, तेव्हा स्थानिक वैद्यकीय वर्तुळातून तीव्र विरोध झाला. टेनेसीतील नॅशव्हिल येथे तर परिचारिका-प्रसाविकांशी सहकार्य करणाऱ्या डॉक्टरालाच डॉक्टरांच्या ताब्यातील विमा कंपनीने विमा नाकारला. या प्रकरणाची संसदीय समितीपुढे सुनावणी झाली आणि १९८३ मध्ये संघराज्याच्या व्यापार आयोगाने त्या कंपनीवर निर्बंध घातले. १९८५ मध्ये संघटनेच्या सदस्यांचे व्यावसायिक विमासंरक्षणच रद्द झाले. काही काळ व्यवसाय बंद पडतो की काय अशी स्थिती आली. दुसरीकडे १९८० च्या कायद्याने गरिबांच्या वैद्यकीय योजनेतून परिचारिका-प्रसाविकेस मोबदला देणे राज्यांना बंधनकारक झाले. वृद्ध व अपंग यांच्या राष्ट्रीय विमायोजनेतून डॉक्टरइतकाच दर मिळण्यास २०११ उजाडावे लागले. तोवर तो ६५ टक्के होता.

प्रसूतिकेंद्रांविषयीची शंका १९८९ च्या राष्ट्रीय पाहणीने बरीच दूर केली. ८४ केंद्रांतील ११,८१४ स्त्रियांपैकी एकही दगावली नव्हती आणि सिझेरियन शस्त्रक्रियेचे प्रमाण अवघे ४·४ टक्के होते. जोखमीच्या स्त्रियांना अशा केंद्रांत मुळात घेतलेच जात नाही हे ध्यानात घेऊनही हा निष्कर्ष उल्लेखनीय ठरतो. लूबिक यांनी मात्र केवळ मध्यमवर्गापुरते थांबणे नाकारले. १९८८ मध्ये साउथ ब्राँक्समध्ये त्यांच्या संस्थेने केंद्र काढले. १९९३ मध्ये मॅकार्थर पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या परिचारिका ठरल्या आणि त्याचा पैसा त्यांनी राजधानी वॉशिंग्टनच्या कृष्णवर्णीय वस्तीतील केंद्रासाठी वापरला. बंद पडलेल्या एका मोठ्या दुकानाच्या इमारतीत ते २००० मध्ये सुरू झाले. ज्या नगरात देशाची आरोग्यधोरणे ठरतात तेथेच अर्भकमृत्यूचे प्रमाण लाजिरवाणे असावे, हे त्यांच्या निवडीचे कारण होते.

अलीकडील स्थिती : अमेरिकेतील सुमारे एकदशांश बाळंतपणे आता परिचारिका-प्रसाविकांच्या हातून होतात आणि त्यांतील बहुतेक रुग्णालयातच. निम्म्याहून अधिक राज्यांत त्या डॉक्टरांच्या लेखी देखरेखीशिवाय काम करू शकतात. कॅलिफोर्नियाने सामान्य, बिनजोखमीच्या बाळंतपणांपुरती ही अट २०२० च्या कायद्याने काढून टाकली. २०२१ मध्ये देशातील मातामृत्यूचे प्रमाण, करोनाच्या साथीमुळेही, दर लक्ष जिवंत जन्मांमागे ३२·९ पर्यंत चढले होते; २०२३ मध्ये ते १८·६ वर उतरले. त्या वर्षी गोऱ्या मातांत ते १४·५ होते आणि कृष्णवर्णीय मातांत ५०·३. मोजणीच्या पद्धती मधल्या काळात बदलल्या असल्या, तरी दोहोंमधील पट १९५० च्या जवळपासच राहिली आहे. शिक्षण व उत्पन्न सारखे असतानाही हा फरक उरतो. म्हणून स्त्रीच्या तक्रारीकडे लक्ष देणे, गर्भारपणापासून एकाच व्यक्तीने सोबत करणे आणि वस्तीतल्याच स्त्रियांना या व्यवसायात आणणे यांवर संघटनेचा आजचा भर आहे. तिच्या कृष्णवर्णीय सदस्यांची संख्या मात्र दशांशाहूनही कमी आहे. कृष्णवर्णीय सुइणींचे उच्चाटन आणि वर्णभेदी धोरणे यांत आपल्या पूर्वसूरींचा वाटा होता, हे संघटनेने २०२१ मधील सत्य व समेट या विषयीच्या ठरावाद्वारे मान्य केले.